अठरा खाटांचा अदमास

आमच्या कॅज्युअल्टीत एकही पेशंट जमिनीवर झोपलेला नसतो, याबद्दल आरोग्य खात्याने आम्हाला गौरवचिन्ह दिलं. काचेचा ठोकळा, आत हिरव्या रंगात कोरलेली खाट. आमचे सिव्हिल सर्जन डॉ. हेडाऊ यांनी तो माझ्या हातात कोंबला आणि मला फोटोवाल्यासमोर उभं करून म्हणाले, "खोब्रागडे सिस्टर, जरा हसा की! मान तुमचाच आहे." मी हसले. तीनच दिवसांपूर्वी आमच्या गल्लीतले निखाडे टेलर घरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. त्यांच्या मरणाला मीही जबाबदार होते, आणि त्या हॉलमध्ये हे फक्त मला ठाऊक होतं.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई रागाच्या भरात काहीबाही बोलतेय. रागात तर आहेच मी.

मी निर्मला खोब्रागडे. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली चौदा वर्षं कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर म्हणून. कॅज्युअल्टी म्हणजे अपघात, सर्पदंश, विष प्यायलेला, छातीत दुखणारा, जो दारात येईल तो. आमच्याकडे खाटा होत्या तीस. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसच्या वर गेला की एका दुपारी साठ-सत्तर माणसं यायची. मग कुणी स्ट्रेचरवर, कुणी बाकावर, कुणी सतरंजी टाकून खाली. सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला टांगायच्या. पाय ठेवायला जागा नसायची.

बारा वर्षांपूर्वी वरून फतवा निघाला. आलेला पेशंट चार तासांत खाटेवर गेलाच पाहिजे. नाही गेला, तर संगणकात त्याच्या नावापुढे लाल खूण, आणि प्रत्येक लाल खुणेमागे इन्चार्जचा लेखी खुलासा. पहिल्या महिन्यात मी दोनशे खुलासे लिहिले. काय खुलासा करणार, कपाळ? खाटा तीस, माणसं सत्तर, हाच खुलासा! पण तो वर चालत नव्हता. 'नियोजनाचा अभाव' असा शेरा मारून परत यायचा.

मग मी युक्ती काढली. पेशंट आला की त्याचं नाव ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायचं आणि उपचार लगेच चालू करायचे. उपचारात मी कधी कसूर केली नाही, कुणालाही विचारा. पण संगणकात नोंद करायची ती खाट रिकामी झाल्यावरच. म्हणजे अकराला आलेला माणूस संगणकात चारला आला आणि चारलाच खाटेवर गेला. थांबला किती? शून्य मिनिटं. लाल खुणा बंद, खुलासे बंद. पुठ्ठा संध्याकाळी कचऱ्यात. नवी सिस्टर आली की पहिल्याच आठवड्यात मी तिला हे शिकवायची. आम्ही त्याला 'पुठ्ठा पद्धत' म्हणायचो आणि चहा पिताना हसायचो. यात कुणाचं वाईट होतंय असं आम्हाला खरंच वाटत नव्हतं.

आणि मग 'अदमास' आला. तो आणला माझ्या सम्यकाने.

सम्यका माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण बँकेत, तिचा नवरा फिरतीवर, त्यामुळे पोरगी शाळेतून सुटली की थेट माझ्याकडे. मी लग्न केलं नाही. लेकरू म्हणजे काय ते मला तिच्यामुळे कळलं. पुढे ती पुण्याला शिकली, गणितात, आणि तेही रांगांच्या गणितात. रांगेचं असलं कसलं गणित, म्हणून मी तिला चिडवायची. तर दोन हजार अडतीस सालच्या जानेवारीत ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून मला सांगत होती, की तिच्या चमूने केलेलं यंत्र सरकारने घेतलं आहे आणि पहिला प्रयोग आमच्या हॉस्पिटलात होणार आहे.

"मावशी, साधं आहे," ती म्हणाली. "कॅज्युअल्टीत माणसं कधीही, कशीही येतात असं तुम्हाला वाटतं. पण दहा वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की त्यांना वळण असतं. आठवडी बाजार कधी, तापमान किती, लग्नाच्या तिथी कोणत्या, कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणी कधी चालू झाली, हे सगळं अदमासला दिलं की पुढच्या मंगळवारी तीन ते चार किती माणसं येतील ते तो आजच सांगतो. आणि माणसाने आधी फोन केला तर घरबसल्या त्याला वेळ देतो. टोकन. त्या वेळेला या, खाट तयार. दारात कुणी तिष्ठत बसायचं नाही."

"आणि सिरियस पेशंट?"

"तो थेट आत. फोनवर प्रश्न विचारून यंत्रच ठरवतं कोण किती सिरियस. बाकीच्यांना टोकन." मग ती खाली उतरली आणि माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "एक सांगू? सहा हॉस्पिटलांच्या नोंदी तपासल्या आम्ही. सगळीकडे गोंधळ. तुझ्या कॅज्युअल्टीच्या नोंदी एकदम स्वच्छ! थांबण्याची वेळ दहा वर्षं सलग शून्य. आमचे सर म्हणाले, ही बाई कोण आहे? मी म्हटलं, माझी मावशी आहे."

माझी तव्यावरची पोळी करपली. तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तिचा चेहरा इतका फुलला होता, की माझी हिंमत झाली नाही. शिवाय निवृत्तीला पाच महिने राहिले होते, आणि माझ्याकडून शिकलेल्या एकोणीस सिस्टर अजून नोकरीत होत्या. मी म्हटलं, यंत्र हुशार आहे, त्याला आपोआप कळेल. अशी मी मूर्ख.

अदमासला काय कळलं ते फेब्रुवारीत आलं. अहवाल दोन पानांचा होता. जिथे कुणालाच थांबावं लागत नाही, तिथे खाटा गरजेपेक्षा जास्त आहेत. म्हणून तीसच्या चोवीस कराव्यात आणि थांबण्याची वेळ वाढते का ते पाहावं. चोवीस केल्या. आता टोकन होतं, त्यामुळे वेळ वाढली नाही, शून्यच राहिली. मग मार्चमध्ये अठरा केल्या. काढलेल्या बारा खाटा आणि सहा सिस्टर शेजारच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात गेल्या. त्या लोकांनी दहा वर्षं इमानदारीने लाल खुणा दाखवल्या होत्या, म्हणून त्यांना मिळाल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. खाटा ट्रकमध्ये चढत होत्या तेव्हा मी खिडकीत उभी होते आणि गप्प होते.

गंमत अशी, की पहिले काही दिवस मला ते सगळं आवडलं. हो, आवडलं! फरशी दिसत होती. बाकावर कुणी नाही, दारात रडारड नाही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर टोकनचा नंबर, नाव आणि वेळ. माणूस वेळेवर येतो, रिकाम्या खाटेवर निजतो. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा ड्युटीवर असताना बसून जेवले. गर्दी गेली कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. खरं तर पडला होता, पण मी तो मनावर घेतला नाही.

एप्रिलच्या तेवीस तारखेला दुपारी बाराच्या सुमाराला मी पडद्यावर नाव वाचलं. टोकन एकशे बारा, मनोहर निखाडे, वेळ चार वीस. हे आमच्या गल्लीतले टेलर. आम्हा सगळ्या सिस्टरांचे युनिफॉर्म तेच शिवायचे. मापाला कधी बोलवायचे नाहीत, नुसतं बघून शिवायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, या वर्षी अर्धा इंच वाढवला, रागावू नका." मला वाटलं, असेल काहीतरी किरकोळ. माझ्या घरापासून चौथं घर त्यांचं, फोन माझ्या खिशात. एक फोन मी केला नाही. चार वीसला ते आले नाहीत. पडद्यावरचं नाव आपोआप पुसलं गेलं आणि खाली एकशे तेरा आलं.

त्यांच्या बायकोने, रत्नाबाईंनी, मला नंतर सांगितलं. रडत नव्हत्या. उलट मलाच समजावत असल्यासारख्या बोलत होत्या.

"सकाळी म्हणे छातीत गॅस अडकला. घाम सुटला होता, पण घाम कोणाले नाही सुटत या उन्हात? फोनवर त्या मशीननं ईचारलं, दुखते का? तर हे म्हणे, दुखत नाही, गच्च वाटते. पयले अकराचा टाइम देल्ला. मंग फोन आला, पावणेदोन. मंग फोन आला, चार वीस. मी म्हटलं, ऑटो आणतो, जाऊ आपण तसंच. तर म्हणे, टाइम भेटला आहे न, काहून उगाच गर्दी करायची? नवा शर्ट घातला, खुर्चीवर बसले. चार वाजता मी उठवाले गेली."

फोनवरच्या यंत्राऐवजी दारातल्या टेबलाशी मी असते तर? 'गॅस' म्हणणारे हजार पाहिलेत मी. इथला माणूस छातीत कळ आली तरी गॅसच म्हणतो, मोठ्या दुखण्याचं नाव घ्यायला घाबरतो. तो काय म्हणतो ते आम्ही ऐकतच नाही, कपाळ बघतो, ओठांचा रंग बघतो. दारात आले असते तर मी त्यांना जमिनीवर निजवून ईसीजी काढला असता. जुन्या गर्दीत, त्या घाणीत, त्या आरडाओरड्यात ते कदाचित वाचले असते. आणि तीस खाटा असत्या तर अकराचं टोकन पुढे ढकललंच गेलं नसतं.

गौरवचिन्हाचा समारंभ झाला, आणि त्याच दुपारी मी सम्यकाला घरी बोलावून सगळं सांगितलं. पुठ्ठा, खोकी, बारा वर्षं, सगळं. ती ऐकत राहिली. मग तिने पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"मावशी, नळावर किती बायका पाणी भरायला येतात हे मोजायचंय. तू रांग मोजलीच नाहीस. भरून निघालेले हंडे मोजलेस. ते नेहमी तेवढेच असणार, जेवढं नळाला पाणी आहे. रांगेत शंभर बायका असोत की पाचशे. मी यंत्राला गरज शिकवतेय असं समजत होते. मी त्याला तुझ्या खाटा शिकवल्या. जानेवारीत का नाही सांगितलंस?"

"भ्याले."

"कुणाला?"

"तुला," मी म्हटलं. "तुझ्या नजरेतून उतरायला भ्याले."

ती रडली, मीही रडले. मग तिने माझे दोन्ही हात धरले. "लेखी दे. सगळं लिहून दे. चौकशी होईल, तुला त्रास होईल, पण खाटा परत येतील. मी तुझ्या बाजूने साक्ष देईन. शब्द देते." तिचा शब्द मी कधी खोटा ठरलेला पाहिला नव्हता. मी लिहून दिलं.

एकोणीस सिस्टरांपैकी एकीनेही सही केली नाही. एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही निवृत्त व्हाल, आमची पोरं लहान आहेत." दुसरीने तर कानांवर हात ठेवले, पुठ्ठा म्हणजे काय म्हणून मलाच विचारलं. त्यांना काय बोलू? त्यांना भ्यायला मीच शिकवलं होतं. शेवटी सही माझी एकटीची.

चौकशी जून महिन्यात झाली, आमच्याच कॅज्युअल्टीच्या बाजूच्या हॉलमध्ये, जिथे त्या बारा खाटा होत्या. आता तिथे लांब टेबल आणि गुबगुबीत खुर्च्या. नागपूरहून उपसंचालक देवतळे आले होते. डॉ. हेडाऊ त्यांच्या शेजारी. मी रत्नाबाईंना मुद्दाम घेऊन गेले होते. सम्यका समोर बसली होती, लॅपटॉप उघडून.

देवतळेंनी तिला विचारलं, "यंत्र बसवण्याआधीच्या बारा वर्षांच्या नोंदी खोट्या आहेत?"

"हो," सम्यका म्हणाली.

"म्हणजे त्यांच्या आधारे काढलेला खाटांचा आकडा चुकीचा असू शकतो."

"हो."

माझा जीव भांड्यात पडला.

"मग त्या बाजूला ठेवू. फेब्रुवारीपासूनच्या नोंदी यंत्राने स्वतः घेतल्यात. माणसाचा हात लागलेला नाही. त्या खऱ्या आहेत?"

मी तिच्याकडे बघत होते, ती लॅपटॉपच्या पडद्याकडे.

"सम्यू, बोल ना," मी म्हटलं. "यंत्र माणसाची नोंद कधी करतं? खाट रिकामी झाली की! तोवर त्याला घरी बसवतं. मी पुठ्ठ्यावर बसवत होते, हे घरी बसवतं. तेच आहे हे, सांग ना त्यांना!"

"खोब्रागडे सिस्टर, तुम्हाला विचारलेलं नाही," देवतळे म्हणाले. "आणि तेच कसं? तुम्ही नियम मोडून करत होता. यंत्र नियमाप्रमाणे करतं. हं, मॅडम, नोंदी खऱ्या आहेत?"

"हो," सम्यका म्हणाली. "मिनिटागणिक बरोबर आहेत."

"या काळात दारात कुणाला थांबावं लागलं?"

"नाही. शून्य."

मला वाटलं कुणीतरी माझ्या थोबाडीत मारली. तेवढ्यात मागून रत्नाबाई उठल्या. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण उठल्या.

"बाई, माह्या माणसाचं नाव असंन न त्यात? निखाडे. त्याच्यापुढं काय लिवलं आहे, वाचून सांगा."

सम्यकाने बोटं चालवली. तिला नाही म्हणता आलं नाही. हळू आवाजात तिने वाचलं, "टोकन एकशे बारा. दिलेल्या वेळी आले नाहीत. शेरा, गरज उरली नाही."

"बरोबर आहे," रत्नाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बाहेर व्हरांड्यात सम्यका माझ्या मागे धावत आली. "मावशी, ऐक. ऑक्टोबरपासून अकरा जिल्ह्यांत सुरू होतंय. मी आज नोंदी खोट्या म्हटलं असतं तर सगळंच बंद पडलं असतं. मी आतून दुरुस्त करीन. पुढच्या वर्षापर्यंत, फोन केल्याची वेळ धरून..."

"मीही बारा वर्षं असंच म्हणत होते," मी म्हटलं. "या वर्षी भागवून नेऊ, पुढच्या वर्षी सुधारू. जा, तुझी माणसं थांबलीत."

तिच्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी चिडले, आणि चिडायचा मला हक्क नव्हता, म्हणून आणखीच चिडले.

माझ्यावर कारवाई झाली ती झाली. नोंदींत फेरफार, दोष सिद्ध. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुलैत अदमासचा पुढचा अहवाल आला. वेळ घेऊन न येणाऱ्यांची संख्या चार महिन्यांत तिपटीने वाढली आहे. याचा अर्थ लोकांची गरज कमी होत आहे. सबब अठराच्या सोळा खाटा कराव्यात. खाली सम्यका मेश्राम अशी सही.

न येणाऱ्यांची यादी हॉस्पिटलच्या फाटकावर लावतात, पुढच्या वेळी त्यांचं टोकन मागे टाकायचं असतं म्हणून. त्या यादीत तीनशे एक्केचाळीस नावं होती, गावासकट. मी ती उतरवून घेतली. रत्नाबाई म्हणाल्या, मी येतो संगं. मग आम्ही दोघी निघालो, कधी एसटीने, कधी पायी. दार वाजवायचं, नाव सांगायचं, विचारायचं, त्या दिवशी का आला नाहीत? कुणी कर्ज काढून खाजगीत गेलेलं. कुणी आपोआप बरं झालेलं, ते हसून चहा पाजायचे. आणि काही घरांत नाव घेतल्याबरोबर आतून म्हातारी बाहेर यायची आणि हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवायची. तीनशे एक्केचाळीस घरांपैकी बावीस घरं तशी निघाली. नाव, गाव, तारीख, मिळालेली वेळ, गेल्याची वेळ, सगळं मी लिहिलं. यावेळी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही. एकेक वेळ घरच्यांना दोनदा विचारली.

मग अबोला बाजूला ठेवून मी सम्यकाला फोन केला. बावीसही नावं वाचून दाखवली. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"हे वर पाठव," मी म्हटलं. "तुझ्या नावाने नको, माझ्या नावाने पाठव. मी सही करते."

"मावशी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सोसेना. "तुझ्या हातच्या नोंदीवर आता कोण विश्वास ठेवेल?"